पन्नास हजारांत पहिला गेमिंग संगणक: आधी काय घ्यावे आणि काय पुढच्या वर्षावर ठेवावे

भिलवडीच्या एका शिक्षिका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा दहावी होऊन डिप्लोमाला गेला आहे. आजवर तो फोनवर बीजीएमआय खेळत आला असून आता त्याला खेळासाठी आणि अभ्यासासाठी संगणक हवा आहे. मॉनिटरसह पन्नास हजारांपर्यंत खर्च करण्याची घरच्यांची तयारी आहे. एका दुकानात त्यांना ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ असा सेट चोवीस हजारांत दाखवला. हा सेट घ्यावा का, नसेल तर काय घ्यावे, आणि गावातली वीज सारखी येत-जात असते तर त्यासाठी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. मी बावीस वर्षे सांगलीत संगणक जोडून देण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो आहे, त्यामुळे याचे उत्तर सविस्तर देतो.

ताई, तो चोवीस हजारांचा सेट घेऊ नका. आणि पन्नास हजार हातात आहेत म्हणून त्यात ग्राफिक्स कार्डसुद्धा, म्हणजे खेळाची चित्रे तयार करणारा वेगळा भाग, बसवायचा अट्टाहास करू नका. मॉनिटरसह पन्नास हजारांत कार्ड बसवायचे ठरवले की दुकानदाराला कुठेतरी काटछाट करावीच लागते, आणि ती नेहमी डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंत होते: एसएमपीएस (घरची वीज संगणकाला हवी तशी करून पुरवणारा डबा), मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) आणि एसएसडी (विंडोज आणि खेळ साठवण्याची जागा). या तीन वस्तू हलक्या निघाल्या तर वर बसवलेले चांगले कार्डही सुखाने चालत नाही. म्हणून माझा सल्ला असा की यंदा स्वतःचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, घेऊन बाकीचे सगळे भाग चांगल्या प्रतीचे घ्या आणि कार्डासाठी जागा व वीज राखून ठेवा. कार्ड वर्ष-दीड वर्षाने घ्या. तोपर्यंत मुलाला आपल्याला नेमके कोणते खेळ आवडतात हेही कळलेले असेल.

त्या ‘आय-सेव्हन’विषयी आधी बोलतो, कारण हा सेट सांगली-मिरजेतच नव्हे तर सगळीकडे दाखवला जातो आणि नवख्या माणसाची फसगत तिथेच होते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे शब्द त्या त्या पिढीतली वरची-खालची पायरी सांगतात. पिढी कोणती हे पुढच्या आकड्यावरून कळते. चोवीस हजारांत मिळणारा आय-सेव्हन बहुतेक वेळा २६०० क्रमांकाचा, म्हणजे दुसऱ्या पिढीतला, २०११ साली बाजारात आलेला असतो. मदरबोर्ड नव्या खोक्यातून निघतो, कॅबिनेटला रंगीत दिवे असतात, पण त्या बोर्डावर बसलेला प्रोसेसर परदेशातल्या कचेऱ्यांतून काढलेल्या जुन्या यंत्रांतला असतो. त्याला चार कोर (काम करणारे हात) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामे) असतात. २०२२ साली आलेल्या बाराव्या पिढीच्या आय-थ्री १२१०० लाही तेवढेच कोर आणि तेवढेच थ्रेड आहेत, पण कामाच्या वेगात हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. याहून मोठी अडचण विंडोजची आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे आज तो सेट घेतला तर पहिल्याच दिवशी मुलाचा हात अडकेल.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ हाही असाच प्रकार आहे. अशा सेटमध्ये बहुधा जीटी ७३० असते. ते २०१४ चे कार्ड आहे आणि तेव्हाही ते खेळांसाठी नव्हते, जास्तीचा मॉनिटर जोडण्यासाठी होते. त्यावर चार जीबी मेमरी असली तरी ती जुन्या डीडीआर-थ्री जातीची असते. मेमरीचा आकडा म्हणजे गोदाम किती मोठे आहे ते. माल किती वेगाने उचलला जातो ते त्यावरून कळत नाही. मी पुढे सांगणार आहे त्या प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्सदेखील या कार्डापेक्षा बऱ्याच पटीने चांगले आहे.

मुलाला एक गोष्ट खरेदीच्या आधीच स्पष्ट सांगा. बीजीएमआय हा फोनचा खेळ आहे आणि संगणकासाठी त्याची अधिकृत आवृत्ती नाही. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकात फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खटपट करून तो चालवला तर खाते बंद होण्याची भीती असते. संगणकावरचा पबजी वेगळा आहे. जानेवारी २०२२ पासून तो मोफत मिळतो, पण त्याला यंत्र बळकट लागते, आणि कार्डाशिवाय तो अगदी कमी सेटिंगवर ओढूनताणून चालेल. फोनवरचीच मजा मोठ्या पडद्यावर मिळेल अशा अपेक्षेने संगणक घेऊन आठवड्यात हिरमुसलेली मुले मी पाहिली आहेत. उलट व्हॅलोरंट, रॉकेट लीग, माइनक्राफ्ट, जीटीए-फाइव्ह आणि जुने क्रिकेटचे खेळ कार्ड नसतानाही नीट खेळता येतात. व्हॅलोरंट तर कमी सेटिंगवर सेकंदाला शंभराच्या वर चित्रे देतो. सायबरपंक किंवा नवीन कॉल ऑफ ड्यूटीसारखे खेळ कार्ड आल्यावरच खेळायचे, हे आज ठरवून टाकले म्हणजे पुढे रुसवे-फुगवे होत नाहीत.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा त्याचाच थोडा वेगवान भाऊ ५६००जीटी घ्यावा. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट आणि आत वेगा ग्राफिक्स. खोक्यात पंखा मिळतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातही तो पुरतो. नावातले शेवटचे अक्षर पाहणे इथे फार महत्त्वाचे आहे. ५६०० मध्ये ‘जी’ नसेल तर त्यात ग्राफिक्स नाही, आणि इंटेलच्या क्रमांकाअंती ‘एफ’ असेल तरी तेच. असा प्रोसेसर कार्डाशिवाय घेतला तर यंत्र चालू होते, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. ‘नवा संगणक बंद पडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी यंत्रांचे दुखणे एवढेच निघाले आहे. २०२२ साली आलेला एएम-फाइव्ह बोर्ड आणि त्यावरचे नवे प्रोसेसर निश्चितच चांगले आहेत, पण त्यांना डीडीआर-फाइव्ह रॅम लागते आणि बोर्डही महाग पडतो. पन्नास हजारांत मॉनिटरसह ते बसवताना पुन्हा एसएमपीएसवरच कात्री चालते.

रॅम १६ जीबी हवी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. १६ ची एकच पट्टी घेतली तर स्वस्त पडते आणि ‘पुढे दुसरी टाकता येईल’ असे सांगितले जाते, ते इथे ऐकू नका. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवते. ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते आणि दोन पट्ट्या जोडीने लावल्या की ५१.२ जीबी. खेळ अडखळतो की सुरळीत चालतो, हे पुष्कळदा या एका गोष्टीवर ठरते. शिवाय बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाची सोय चालू केली नाही तर ३२०० ची पट्टी कित्येकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. पैसे ३२०० चे गेलेले असतात आणि घरात ते कोणाला कळतही नाही. जोडणाऱ्याकडून ही सोय तुमच्यासमोर चालू करून घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे आणि एसएसडीचे भाव चांगलेच चढले आहेत, तेव्हा दोन-तीन दुकानांत त्याच दिवशी चौकशी करा. महिन्यापूर्वीचे कोटेशन उपयोगाचे नाही.

मदरबोर्ड बी-४५० किंवा बी-५५० चिपचा, नामांकित कंपनीचा, एनव्हीएमई (बोर्डावरच बसणाऱ्या वेगवान) एसएसडीची जागा असलेला पुरे. जुन्या साठ्यातला असेल तर बायोस अद्ययावत करूनच द्यायला सांगा. एसएसडी एक टीबी जमली तर उत्तम. ५०० जीबीत विंडोज आणि तीन-चार मोठे खेळ बसले की जागा संपते, कारण आजचे मोठे खेळ एकेक शंभर जीबीच्या पुढे गेले आहेत.

आता एसएमपीएस. या विषयावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या जळक्या यंत्रांपैकी बहुतेकांचे मूळ इथेच असते. माझ्यासमोर आत्ता दोन एसएमपीएस आहेत. पहिल्यावर ठळक अक्षरांत ‘४५०’ छापले आहे आणि कुठेही ‘वॅट’ हा शब्द नाही. बाजूच्या लेबलवर बारीक तक्ता आहे. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिले आहेत. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज या बारा व्होल्टच्या तारेतूनच घेतात, म्हणजे खेळाच्या दृष्टीने ही ४५० ची वस्तू प्रत्यक्षात १६८ वॅटची आहे. हातात धरली तर खोका रिकामा असावा इतकी हलकी लागते, आणि उघडली तर वीज गाळणारे भाग जिथे हवेत तिथे नुसती तारेची आडवी जोडणी दिसते. दुसऱ्यावर ५५० वॅट, ब्राँझ प्रमाणपत्र (वीज कमी वाया घालवण्याबद्दलचे) आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर असे लिहिले आहे. त्याचा हिशोब ५४० वॅट येतो. हीच गोष्ट तुम्ही दुकानात उभ्या उभ्या पडताळू शकता. लेबलवरचा बारा व्होल्टचा रकाना शोधा, गुणाकार करा, आणि आकडा मोठ्या अक्षरांतल्या आकड्याच्या जवळ येतो का ते पाहा.

काही वर्षांपूर्वी कुपवाडच्या एका मुलाने साठवलेल्या पैशांतून चांगले कार्ड घेतले आणि ते कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर लावले. तीन आठवड्यांनी खेळता खेळता फाटकन आवाज झाला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचले, पण नव्या बोर्डासाठी त्याला पुन्हा चार महिने थांबावे लागले. त्या दिवशी त्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून कोणी कितीही घासाघीस केली तरी एसएमपीएसमध्ये मी तडजोड करू देत नाही. ५५० वॅटचा, ब्राँझ प्रमाणपत्राचा, निदान तीन वर्षांची वॉरंटी असलेला आणि ग्राफिक्स कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची तार असलेला घ्या. आज कार्ड नसताना तो जास्तीचा वाटेल, परंतु तुमच्या सगळ्या यंत्रात सर्वांत जास्त वर्षे टिकणारी वस्तू हीच असेल.

वीज जाण्याच्या त्रासावर साधा ६०० व्हीएचा यूपीएस सध्या पुरेल. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि कार्ड नसलेला हा संगणक मॉनिटर धरून खेळताना दीडशे वॅटच्या आसपास वीज घेतो. वीज गेल्यावर खेळत बसण्यासाठी हा यूपीएस नाही. खेळ जतन करून यंत्र नीट बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळावीत एवढ्यासाठीच तो आहे. पुढे कार्ड आले की हजार-अकराशे व्हीएचा घ्यावा लागेल. वीजबिलाची धास्ती बाळगू नका: दीडशे वॅट रोज तीन तास म्हणजे महिन्याला साडेतेरा युनिट, आणि कार्ड आल्यावर तीनशे वॅट धरले तरी सत्तावीस.

मात्र त्याआधी ज्या सॉकेटला संगणक लागणार आहे त्याचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेमागे तार जोडलेलीच नसते. एसएमपीएसमध्ये वीज गाळण्यासाठी कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण अनवाणी उभे राहून पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात संगणकात करंट उतरला. संगणकात दोष नसतो, घरात असतो, आणि त्याचा त्रास यूएसबीला लावलेल्या वस्तूंनाही होऊ शकतो.

मॉनिटरमध्ये बावीस ते चोवीस इंच, १९२० बाय १०८० आणि आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणारे) एवढे पाहा. आता १०० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारे, मॉनिटर जुन्या ६० हर्ट्झच्याच भावाला आले आहेत, तेव्हा ६० चा घेण्यात अर्थ नाही. कार्ड बदलेल, प्रोसेसर बदलेल, पण मॉनिटर सात-आठ वर्षे तोच राहील आणि मुलगा अभ्यासही त्याच्याचसमोर बसून करणार आहे.

कॅबिनेट पुढून जाळीचे असावे, समोर निदान एक पंखा हवा आत घेणारा आणि मागे एक बाहेर टाकणारा. पुढे सगळी काच लावलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यांत हवाच शिरत नाही. जाळीतून धूळ येते हे खरे, म्हणून मागे धुता येणारी गाळणी असलेले पाहावे. मार्केट यार्डात हळदीच्या गोदामाला लागून असलेल्या एका पेढीवरचा संगणक मी मागे उघडला, तर प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालचे अ‍ॅल्युमिनियमचे पाते हळदीच्या पिवळ्या थराने असे भरले होते की त्यातून हवा जायला फट उरली नव्हती. यंत्र दहा मिनिटांत तापून बंद पडत होते आणि मालक विंडोज तिसऱ्यांदा टाकून घेत होते. दर तीन महिन्यांनी गाळणी धुवा आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून ब्लोअर मारा. पाते मोकळे ठेवून वारा मारला तर ते नको त्या वेगाने फिरते आणि बेअरिंग खराब होते.

पैशांची वाटणी साधारण अशी करावी. मॉनिटरला सात-आठ हजार, एसएमपीएसला चार हजारांच्या आसपास, कॅबिनेटला अडीच-तीन हजार, कीबोर्ड-माउसला हजार-दीड हजार. राहिलेले सगळे प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएसडी या चौघांना. भाव चढे असतील आणि कुठेतरी कमी करावेच लागले तर एसएसडी ५०० जीबीची घ्या, कारण दुसरी नंतर जोडता येते. यूपीएस या पन्नास हजारांबाहेर धरा.

पुढच्या वर्षी कार्ड घेताना एक बारकावा लक्षात ठेवा. ५६००जी हा प्रोसेसर कार्डाशी पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या तिसऱ्या, म्हणजे जुन्या आणि कमी वेगाच्या, पिढीने बोलतो. आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० या कार्डांना माहिती ने-आण करायला चारच मार्गिका आहेत, त्यामुळे या प्रोसेसरवर त्यांचा वेग बराच मार खातो; स्वस्त दिसली तरी ती तुमच्यासाठी नाहीत. आरएक्स ६६०० ला आठ मार्गिका, ८ जीबी मेमरी आणि १३२ वॅटची भूक आहे, आणि १०८० च्या पडद्यावर बहुतेक खेळ ते चांगल्या सेटिंगवर चालवते. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटवर, वेगळी तार न लावता चालते, पण खेळांत ती ६६०० च्या मागे राहते. माझी निवड ६६०० किंवा तेव्हा त्या भावात मिळणारे ८ जीबीचे कार्ड. जुने कार्ड घ्यायचे झाल्यास सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम (कार्डे रात्रंदिवस चालवून चलन मिळवणे) कार्डांवरून बंद झाल्यावर बाजारात आलेल्या कार्डांपासून जपून राहा. विशेषतः आरएक्स ५८० चांगले वर्ष-दोन वर्षे रात्रंदिवस तापलेले असू शकते. विकणाऱ्याच्या यंत्रावर अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची तार मदरबोर्डातून काढून कार्डाला लावायची असते. हे विसरून ‘कार्ड टाकूनही फरक पडला नाही’ म्हणणारे मला दर वर्षी भेटतात.

खरेदी सांगलीत करावी, पुण्याला टिळक रोडला जावे की ऑनलाइन मागवावे? कार्ड आणि प्रोसेसर कुठूनही घ्या, दोन-चारशे रुपये वाचत असतील तर वाचवा. पण एसएमपीएस, मदरबोर्ड आणि मॉनिटर जवळच्या दुकानातून घेतलेले बरे, कारण बिघाड झाला तर वस्तू घेऊन जायला भिलवडीहून सांगली एसटीच्या टप्प्यात आहे. प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लिहिलेले, १८ टक्के जीएसटी लावलेले पक्के बिल घ्या. ‘बिलाशिवाय दीड हजार कमी’ हा सौदा घेतला तर तीन वर्षांची वॉरंटी कोणाकडे मागायची हा प्रश्न उरतो. विंडोज मूळ परवान्याचे घ्या. चोरीच्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’मधून पासवर्ड पळवणारे प्रोग्राम शिरतात, आणि मुलाचे खेळाचे खाते आणि तुमचे बँकेचे खाते शेवटी एकाच यंत्रावर उघडले जाणार आहे.

जोडणीच्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन जा आणि त्याला शेजारी उभे राहून बघू द्या. पुढे कार्ड तोच बसवेल. निघण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेग ३२०० दिसतो का ते पाहा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० हर्ट्झ निवडले आहे का तेही पाहा, कारण विंडोज बहुधा ते ६० वरच ठेवते. मग अर्धा तास एखादा खेळ चालवून प्रोसेसरचे तापमान पाहा. ८५ अंशांच्या खाली असेल तर काळजी नाही.

तुम्ही भिलवडीत राहता म्हणून शेवटची सूचना. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, आणि मॉनिटर-कॅबिनेटची खोकी थर्माकोलसह माळ्यावर जपून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी ओसरल्यावर माझ्याकडे चिखलाने भरलेली कॅबिनेटे रांगेने आली होती, आणि त्यांतली बरीचशी टेबलाखालची होती. पाणी चढू लागल्याची बातमी आली की आधी सगळ्या तारा भिंतीतून काढा, यंत्र खोक्यात घालून वरच्या मजल्यावर न्या. आणि दुर्दैवाने भिजलेच तर चालू होते का म्हणून बटण दाबून पाहू नका. बॅटरीचा छोटा सेल बोर्डावरून काढून घ्या आणि यंत्र तसेच उघडून माझ्याकडे किंवा जवळच्या कारागिराकडे आणा. स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेले बोर्ड पुन्हा चालू झालेले मी पाहिले आहेत; ओल्यावर वीज दिलेले मात्र फारसे वाचत नाहीत.